इकडचा फोन, तिकडचा फोन

माझ्याकडं दोन फोन आहेत. त्यावरून मला हसणारी माणसं काल जन्मलेली आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एका फोनला आमच्या घरात इकडचा म्हणतात, दुसऱ्याला तिकडचा. इकडचा म्हणजे कर्नाटकातल्या नंबरचा, तिकडचा महाराष्ट्रातल्या. मी जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. राहतो बेळगावात, वडगावला, पण माग काय राज्य बघून बिघडत नाहीत. सकाळी वडगावच्या शेडमध्ये हात काळे करायचे आणि दुपारी निपाणीवरून पुढं इचलकरंजी गाठायची, असा माझा जन्म गेला. तेव्हा हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की खिशातला फोन परका व्हायचा. आलेला फोन उचलला तरी त्याचा दंड. म्हणून दोन नंबर घेतले. आता तसलं काही राहिलं नाही, एकच नंबर काश्मीरपर्यंत चालतो, हे मला दर आठवड्याला कोणीतरी शहाणा सांगतो. सांगू दे. इचलकरंजीच्या किती तरी शेडच्या भिंतींवर माझा तिकडचा नंबर खडूनं लिहिलेला आहे. त्या भिंती पुसत फिरायला मला वेळ न्हाय.

गुडघे गेले तशी फिरती बंद झाली, पण फोन बंद झाले नाहीत. मागवाले फोन करतात, फोन चालत्या मागाजवळ धरतात, आणि मी इथं वडगावात खाटेवर बसून सांगतो, काय बिघडलंय ते. फोनवरनं आवाज ऐकून मागाचं दुखणं सांगणारा जॉबर म्हणून दोन्हीकडं माझं नाव आहे. मी चौथी नापास. दुसरं काही मी कमावलेलं नाही आणि ह्याच्यापेक्षा मोठं काही कमावल्याचं मला कोणी दाखवलंही नाही. आजकालचे मागमालक तर बघवत नाहीत. तेलाची बुधली कुठल्या हातात धरायची हे माहीत नाही, आणि शेडला कंपनी म्हणतात.

आता खरी गोष्ट. माझे कान दहा-बारा वर्षांपूर्वीच गेलेत.

मागानंच नेले. चोवीस माग एका शेडमध्ये चालले की तिथं देवाचाही आवाज पोचत नाही. मागाच्या शेडमधली माणसं म्हणूनच तोंडानं बोलत नाहीत, ओठानं बोलतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. जन्मभर शेडमध्ये राहिलेला माणूस चार माग पलीकडून वाचतो. माझी बायकोही माग असलेल्या घरातलीच. ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही दिवसभर शेडमध्ये बोलायचो आणि त्यातला एक शब्द आवाजात नव्हता. म्हणून कान गेल्यावर माझं काही अडलंच नाही. फोन आला की तो स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवायचा. ती माझ्यासमोर बसायची. पलीकडचा काय म्हणतो ते ती ओठांनी मला सांगायची, मी मोठ्यानं उत्तर द्यायचो. मागाचा आवाज आला की ती आपल्या गुडघ्यावर बोटांनी ठोका धरून दाखवायची. कुठला ठोका जड, कुठला उशिरा पडतो, सगळं तिच्या बोटांत दिसायचं. मग ती भुवई उचलून ओठांनी विचारायची, "पिकर?" आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याला ज्याचा मार बसतो तो तुकडा म्हणजे पिकर. मी जरा थांबायचो, मान हलवायचो, आणि फोनला सांगायचो, "पिकर झिजलाय. बदल."

पोरीला माहीत नव्हतं, जावयाला माहीत नव्हतं, इचलकरंजीला तर नव्हतंच. आजूबाजूच्या माणसांना एवढंच वाटायचं की म्हातारा तोऱ्यात असतो, मागून हाक मारली तर वळून बघत नाही. तसं वाटलेलं मला चालत होतं.

मग बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पोरगी निपाणीला दिलेली, म्हणून तिकडंच करायचं ठरलं आणि ती पंधरा दिवस लेकीकडं राहिली. पहिल्या दोन दिवसांतच मी उघडा पडलो. जावयाचा फोन आला. समोर ओठ नाहीत. मी नेहमीच्या अदमासानं सांगितलं, "दोन थेंब तेल सोडा आणि सावकाश चालवा."

जावई सांगत होता, की सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी सुटली.

संध्याकाळी तो मोटारसायकलवरनं निपाणीहून वडगावला हजर. जावई बँकेत आहे, शर्ट खोचून जेवायला बसतो. माझ्या मागं उभा राहून त्यानं तीनदा हाक मारली म्हणे. मग पुढं येऊन तो म्हणाला, "मामा, तुम्हाला ऐकूच येत न्हाय की!"

मी म्हणालो, "ऐकण्यासारखं तू काय बोलतोस?"

पण आता गुपित राहिलं नव्हतं. डोळा बरा करून बायको परत आली आणि तिघांनी मला धरून बेळगावातल्या कानाच्या दुकानात नेलं. दुकानच ते. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. एवढं हसण्यासारखं बहिरेपणात काय असतं, मला कळलं नाही. कान तपासणाऱ्यानं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तो काचेपलीकडं माझ्या समोर बसला आणि आपल्या यंत्राच्या कळा दाबायला लागला. आता मी चाळीस वर्षं चालत्या मागावर हात वाचणारा माणूस. त्याचं बोट खाली गेलं की माझं बोट खाली जात होतं. शेवटी तो बाहेर येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी उठलोच होतो. बायको म्हणाली, "त्यास्नी भिंतीकडं तोंड करून बसवा."

भिंतीकडं तोंड केल्यावर मात्र लई वेळ शांतता होती. खोलीतून बाहेर आलो तेव्हा जावयाचं तोंड पडलेलं होतं, पोरगी डोळे पुसत होती. कोणी मेल्यासारखं. मला त्या सगळ्यांचा संताप आला. कान गेले म्हणजे काय गेलं, ते माझं मला ठाऊक नव्हतं का?

कानाचं मशीन आलं. वालाच्या दाण्याएवढी दोन, एक डाव्या कानाचं, एक उजव्या, आणि त्यांना झोपायला एक डबी. माझे बटणांचे फोन त्याला चालत नाहीत म्हणून जावयानं दोन काचेचे फोन आणले. मग खाटेवर मांडी घालून त्यानं ते एकमेकांना जोडायचा कार्यक्रम सुरू केला. मशीन डबीत घाल, बाहेर काढ, पुन्हा घाल, पुन्हा काढ. म्हणे बाहेर काढल्यावर तीन मिनिटंच ते फोनला हाक देतं, तेवढ्यात फोननं ओ दिली पाहिजे. पहिल्या तीन मिनिटांत जावयाला चष्मा सापडला नाही. दुसऱ्या वेळी फोनवर यादी आली. त्यात माझं डावं, माझं उजवं आणि शेजाऱ्याचा टीव्ही. न बोलवता पंगतीत बसल्यासारखा टीव्ही सगळ्यात वर. जावयानं बरोबर त्यालाच बोट लावलं.

शेवटी जोडलं एकदाचं. कानात कुणी बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. इकडचा जोडला, मग तसंच सगळं करून तिकडचा जोडला.

जावई समजावायला बसला. "मामा, हे मशीन आठ फोन ध्यानात ठेवतंय. दोन एका वेळी जोडून ठेवतंय. बोलणं मात्र एकाच फोनवरचं ऐकू येणार."

"मग बाकीचे सहा ध्यानात ठेवून काय लोणचं घालायचं?"

"तशी सोय असती मामा."

सोय! त्याच्या सोयीचा नमुना मला पुढच्या रविवारी कळला. मशीनच्या आवाजाची मापं बदलायला त्यानं आपलाही फोन त्याला जोडून ठेवला होता. रविवारी जेवायला आला, पंख्याखाली आडवा झाला, आणि माझ्या कानात एक माणूस कन्नडमधून प्लॉट विकायला लागला. मी घरभर बघतो, घरात कोणी नाही. जावई पडल्या पडल्या फोनवर चित्र बघत होता आणि चित्राला आवाज का नाही म्हणून फोन झटकत होता. त्याचा फोन त्याच दिवशी काढून टाकायला लावला.

एक मात्र लिहितो, नाहीतर खोटं होईल. मशीन घातल्यावर पहिल्यांदा बायकोचा आवाज ऐकू आला. जाड झालाय. ओठांवरून मला तो बारीकच वाटायचा.

बाकी मशीनबद्दल चांगलं लिहायचं माझ्याच्यानं होणार नाही. चमचा ताटात पडला तर कानात पत्रा पडतो. कागदाची पिशवी चुरगाळली तर आग लागल्यासारखं. आणि रस्त्यावर दोन्ही कानांत पांढऱ्या काड्या खोचून चालणारी पोरं मला बघून मान हलवतात, जसा काही मी त्यांच्यातला झालो. त्यांना कान असून ऐकायचं नाही, मला ऐकायचंय. आमची एक जात होऊ शकत नाही.

फोनचं म्हणाल तर आवाज सरळ कानात. स्पीकर नको, खाट नको, समोर कोणी नको. पहिल्या दिवशी मी फोनवर बोलत होतो आणि बायको सवयीनं समोर येऊन बसली. फोनमधून तिला काहीच ऐकू येईना, सगळं माझ्या कानात. तिनं ओठांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी हातानं सांगितलं, जा, गरज न्हाय. ती उठून शेंगा निवडायला बसली.

चौथ्या दिवशी तिकडचा फोन वाजला. इचलकरंजीचा मालक, माझ्याकडं त्याच्या बापापासूनचं काम. "अण्णा, नऊ नंबरचा माग बघा की. आवाज बदललाय." त्यानं फोन मागाला धरला. दहा-बारा वर्षांनी मी माग कानानं ऐकला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. खटक, खटक, खटक. मी डोळे मिटून ऐकलं. आता दुखणं आपसूक समोर येईल म्हणून वाट बघितली.

काही आलं नाही. खटक, खटक. मला नुसता माग चालल्याचं कळत होतं.

पण जॉबर गप्प बसत नसतो. मी म्हणालो, "पट्टा सैल झालाय. आवळ."

तासाभरात फोन परत आला. पट्टा आवळून माग जोरात चालवला तर धोटा मध्येच अडकला आणि ताण्याचे दोनशे-अडीचशे उभे धागे एका दमात तुटले. अर्धी साडी बाद, तुटलेलं सांधायला दोन माणसं दिवसभर. मालक शिव्या देणारा नाही. तो नुसतं म्हणाला, "आज ध्यान कुठं हुतं अण्णा?" त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मी मशीनला धारेवर धरलं. जावयाला फोन करून म्हणालो, "तुझं मशीन खोटं बोलतंय."

त्यानं दुकानात विचारलं. दुकानदारानं हसत सांगितलं म्हणे, की हे मशीन माणसाचं बोलणं वर उचलतं आणि सततचा खडखडाट दाबून टाकतं, आजोबांना त्रास नको म्हणून. म्हणजे बघा! माझ्या आयुष्याचं काम ह्या वालाच्या दाण्यानं कचरा ठरवून बाजूला सारलं. मी दुकानात जाऊन त्याला विचारलं, "तुझ्या बापाच्या अंगावरचं धोतर कुठल्या खडखडाटातनं आलं, माहीत हाय का?" त्याला धोतरच माहीत नसावं. पण त्यानं दाबणं बंद करून दिलं.

दोन दिवसांनी वडगावचाच एक माग ऐकला. आता आवाज मोठा आला, भरभरून आला. मी सांगितलं, "बेअरिंग." बेअरिंग चांगलं निघालं. त्यांनी मग दुसरा जॉबर बोलावला. आमच्या गल्लीत, माझ्या दारावरनं तो सायकल घेऊन गेला. त्यानं मला नमस्कार केला. मी घेतला नाही.

मग मी दोन फोनांवर ढकललं. एक चालू असताना दुसरा मध्येच घुसतो, आवाज तुटतो, असं जावयाला सांगितलं. त्याचं म्हणणं, एक फोन बंद ठेवून बघा. ठेवला. काही फरक पडला नाही. आता दोष द्यायला घरात फक्त मी उरलो होतो, आणि ती गोष्ट मी दोन दिवस लांब ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडचा फोन पुन्हा वाजला. तोच मालक, तोच नऊ नंबर. तुटलेलं सांधून माग चालू केलाय, पण आवाज तसाच आहे. "अण्णा, आता नीट सांगा हं," असं म्हणाला. नीट सांगा! मला! त्याच्या बापाला मी माग चालवायला शिकवलं.

फोन मागाला धरला. खटक, खटक. मी ऐकतोय, ऐकतोय. समोर बायको तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला काही येत नाही, हे तिला दिसलं. चाळीस वर्षं तोंड वाचणारी बाई ती, तिच्यापासून काय लपणार?

"जरा मला ऐकू द्या," ती म्हणाली.

"हे बाहेर ऐकू येत न्हाय."

"मग काढा की ते कानातलं."

मी दोन्ही दाणे काढून डबीत घातले. डबीत गेले की ते झोपतात आणि आवाज फोनमधून बाहेर येतो, एवढं मला जावयानं शिकवलं होतं. माझ्यापुरतं घर पुन्हा गप्प झालं. तिनं स्पीकर लावला, हातातला तांदूळ सुपात टाकला, आणि तिची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. चार ठोके. पाचवा जड. चार ठोके. पाचवा जड. मग तिनं वर बघितलं आणि ओठ हलले.

"पिकर. डाव्या बाजूचा."

भुवई उचलली नव्हती.

तेवढ्यानंच मला सगळं कळलं. दहा-बारा वर्षं तिची ती भुवई होती म्हणून मला वाटायचं, की ती विचारते आणि मी ठरवतो. ठरवून ती आधीच मोकळी झालेली असायची. मी मान हलवायचो एवढंच. माझे कान गेले तेव्हा कानाबरोबर माग ओळखायचं कसबही गेलं होतं, आणि ते मला तिनं एका भुवईनं कळू दिलं नव्हतं.

मी फोनला मोठ्यानं सांगितलं, "डावा पिकर बदल. आणि पट्टा होता तसा ढिला कर." दुपारी मालकाचा मेसेज तिनं वाचून सांगितला, की माग सुतासारखा चाललाय आणि मालकानं नमस्कार सांगितलाय. कुणाला सांगितला असेल तो?

संध्याकाळी मशीन कानात घातलं आणि तिला विचारलं, "किती वर्षं?"

"कशाची?"

"मागाचं तूच सांगतीस, ते."

"अवो, तुम्हीच तर सांगत हुता. माझं निस्तं इचारणं असायचं."

"खोटं बोलू नको. आता मला ऐकू येतंय."

ती हसली. "मग येवढं ऐकू येतंय तर माग का ऐकू येईना?" असं म्हणून आत गेली. असल्या बाईशी माणसानं काय भांडावं?

रविवारी जावई आला तेव्हा तिकडचा फोन त्याच्यापुढं ठेवला. "हा मशीनमधनं काढून टाक."

"मामा, दोन्ही जोडलेलेच बरे. एवढी खटपट करून..."

"काढ."

त्यानं बोट लावलं. फोननं विचारलं म्हणे, हे यंत्र विसरायचं का? जावई माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "विसर म्हण त्याला." आणि तो फोन नेऊन चुलीपलीकडच्या फळीवर ठेवला, बायकोच्या हाताशी. इकडचा माझ्या कानात राहू दे. त्यावर पोरगी फोन करते, दवाखान्याचे येतात, दुकानदार मापं विचारतो. ती बडबड ऐकायला मशीन पुरे आहे. जावयानं फळीवरचा फोन बघितला, मला बघितलं, आणि काही न बोलता जेवायला बसला. पहिल्यांदाच त्यानं शहाणपणा केला.

बुधवारी फळीवरचा फोन वाजला. तिनं पिठाचा हात पुसून उचलला, स्पीकर लावला. इचलकरंजीचाच कोणी नवा, आवाज पोरकट. "अण्णांना द्या."

तिनं फोन माझ्याकडं केला. मी मान हलवली आणि शेडमध्ये बोलायचो तसं, आवाज न काढता ओठांनी म्हणालो, "तू सांग."

तिनं फोन परत आपल्याकडं घेतला. मग म्हणाली, "फोन मागाजवळ धरा." चुलीच्या कडेवर तिची बोटं चालली. पुढं मी बघितलं नाही. मुद्दाम भिंतीकडं तोंड करून बसलो. थोड्या वेळानं तिचा जाड आवाज आला, "क्रॅंकचा बुश गेलाय. माग थांबवा, चालवू नका."

मग तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

"जॉबरच्या घरातनं," ती म्हणाली.

मी खाटेवरून ओरडलो, फोनला ऐकू जाईल एवढ्यानं. "घरातनं न्हाय! जॉबर बोलतीया म्हण!"

तो पोरगा बहुतेक हसला असणार. हसू दे. माग थांबवला की बुश, म्हणजे क्रॅंक ज्यात फिरतो ते कडं, बघायला त्याला वाकावं लागेल, तेव्हा कळेल. आणि त्यांच्या शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर पुसायची काही गरज नाही. नंबर तोच आहे.